पाल्याची मेंढी

मी कातर बोलतेय. शिंप्याची नव्हे, न्हाव्याची तर नव्हेच. मेंढरांची लोकर उतरवणारी कातर. माझ्या तोंडून गोड शब्द निघणार नाहीत, ते आधीच सांगून ठेवते. दोन पाती आणि एक खिळा एवढाच माझा संसार. पाती जवळ आली की मध्ये सापडेल ते तुटतं, यात माझा राग-लोभ काही नाही.

एका घिसाड्यानं मोडक्या ट्रकच्या पाट्यातून मला ठोकून काढलं आणि गुलबर्ग्याकडच्या मुडबी गावच्या पिराजीनं मला घेतलं. त्याच्या घरात पणजोबांपासून मेंढरं. कातरणीच्या दिवशी तो कळप ओढ्यात धुवायचा, एकेक मेंढरू आडवं पाडायचा आणि पोटाकडून सुरुवात करायचा. पहिली मूठभर लोकर बिरोबाची. इतक्या वर्षांत एकाही कातडीवर ओरखडा उठला नाही. श्रेय पिराजीच्या हाताचं. माझ्यावर सोडलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

त्याच्या बायकोचं नाव नागूबाई. तिची एक लाडकी मेंढी होती, मैना. आई मेलेली, म्हणून नागूबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. चरायला निघाली की ही बया चार पावलं टाकायची आणि मान मागं वळवून नागूबाई दिसते का बघायची. कळप पुढं जायचा, ही मागंच. पिराजी शिव्या घालायचा आणि नागूबाई हसायची.

मग गायरानावर प्लॉट पडले. चारायला जागा उरली नाही. मुलगा सुनीलकुमार बेंगळूरला एका कंपनीत वॉचमन होता, तो म्हणाला, मेंढरं विका आणि दोघंही इकडं या. नागूबाई म्हणाली, मी मरेन पण मेंढरं सोडणार नाही. पिराजीला बायकोशी वाद घालणं कधी जमलं नाही. भित्र्या माणसाला जे जमतं ते त्यानं केलं. नागूबाई भाचीच्या लग्नाला आळंदला गेली, तेव्हा त्यानं हैदराबादच्या खाटकाला टेंपो घेऊन बोलावलं.

आदल्या दिवशी माझ्याकडून सगळा कळप कातरून घेतला. लोकर कशाला वाया घालवायची! उद्या मरणाऱ्याची आज हजामत, हे माणसांनाच सुचतं. मैनेला त्यानं शेवटी घेतलं. तिनं अंग सैल सोडलं होतं. तिला वाटलं, नेहमीसारखंच असेल.

नागूबाई परत आली. मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी गुंडाळून ठेवलेली आणि ओसरीत लोकरीचा ढीग. तिनं आरडाओरडा केला नाही.

"मैनीला कुनी नेलं?"

"पाळनारा हाय त्यो," पिराजी खाली बघून म्हणाला.

"माज्याकडं बगून सांगा."

तो लोकरीचा ढीग पायानं सारखा करू लागला.

"टेंपोत चढताना मागं वळून बगितली असंल की ती. व्हय ना?"

"मला ठावं न्हाई. मी पाठ करून हुबा हुतो."

त्या दिवसापासून नागूबाई नवऱ्याशी बोलली नाही. तो एकटाच गुलबर्ग्याहून रेल्वेनं बेंगळूरला गेला. मला का बरोबर घेतलं, देव जाणे. मेंढरू नसलेल्या धनगराच्या पिशवीत मेंढरांची कातर!

मुलाच्या ओळखीनं त्याला कंपनीच्या बागेत माळ्याचं काम लागलं. वय बावन्न. फाटकापासून इमारतीपर्यंत झुडपांचं लांबलचक कुंपण होतं, ते लांब दांड्याच्या कात्रीनं चौकोनी कापायचं. वर्षभर त्यानं मुकाट्यानं चौकोन कापले. मी पिशवीत पडून होते आणि चिडत होते.

एका सकाळी त्यानं ती कात्री बाजूला टाकली. मला पिशवीतून बाहेर काढलं, पाइप घेतला आणि एका झुडपाला आधी अंघोळ घातली. मग जमिनीवर मांडी घालून त्याच्या पोटाकडून कातरायला लागला. झुडूप वरून कापतात, हे तो जणू विसरलाच होता. पहिला मूठभर पाला त्यानं भिंतीपाशी ठेवून हात जोडले. बागेचा सुपरवायझर पोट धरून हसला. संध्याकाळी तो हसायचा थांबला, कारण तिथं एक मेंढी उभी होती.

कंपनीच्या साहेबांना ती आवडली. ते म्हणाले, सगळं कुंपण असंच कर. पाहुणे आले की त्यांना आधी पिराजीची मेंढरं दाखवायचे. उभ्या जन्मात ज्यानं भिंतीवर एक रेघ ओढली नव्हती, तो आता 'आमचे कलाकार' झाला. फोटो काढताना छाती काढून उभा राहायचा. खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली. पाला कण्हत नाही.

पण तो हे कशासाठी करत होता ते मला ठाऊक होतं. विकलेला कळप तो एकेक करून परत आणत होता. लंगडा एडका आला, जुळी कोकरं आली. मैना त्यानं शेवटाला ठेवली. मान मागं वळवायची तर फांदीच मागं वाढायला हवी, म्हणून दोन पावसाळे तो ती फांदी सुतळीनं बांधून वळवत राहिला. बैल गेला आणि झोपा केला, पण झोपा मात्र सुरेख केला! मैना पुरी झाली तेव्हा तो मुलाला म्हणाला, "तुज्या मायला आन. एकडाव बगू दे. मग तरी बोलंल."

नागूबाई आली. कुंपणाच्या कडेनं हळूहळू चालत गेली. एडका ओळखला, कोकरं ओळखली. पिराजी मला हातात धरून मागं मागं चालत होता. मैनेपाशी ती थांबली. तिच्या कानावरून हात फिरवला.

"वळखलीस?" पिराजीनं विचारलं.

"व्हय."

"तुज्यासाठीच केलोय. आता तरी बोल माज्यासंगं."

"बोलते की. कातर द्या."

एखादं पान वर आलं असेल, ते तिला कापायचं असेल, असं त्याला वाटलं. किती हरखला! दोन्ही हातांनी मला तिच्या हाती दिलं.

नागूबाईनं मला मैनेच्या मानेला लावलं. फांदी अंगठ्याएवढी जाड होती, एका घावात तुटली नाही. ती दोन्ही हातांनी दाबत राहिली आणि मी चावत राहिले. पिराजीनं तोंड फिरवलं.

"पाठ करू नका. हिकडं बगा!"

त्यानं बघितलं. मुंडकं गवतावर पडलं.

तुटल्या जागी बोट ठेवून तो म्हणाला, "फुटंल परत."

"हिचं फुटंल," नागूबाई म्हणाली.

तिनं मला कमरेला खोचलं आणि त्याच दिवशी परतीची गाडी धरली.

याला चार वर्षं झाली. आता मी मुडबीत, नागूबाईच्या उशाशी असते. ती लोकांच्या तुरीत मजुरीला जाते. घरात मेंढरू नाही, झुडूप नाही. मी काहीच कापत नाही.

परवा सुनीलकुमारचा फोन आला. तो मोठ्यानं बोलतो, मला सगळं ऐकू आलं. तुटल्या जागी नवी फांदी आली आहे, आणि बापानं ती पुन्हा मागं वळवली आहे. पण बाकीचा कळप वाढून रान झालाय. दुसऱ्या कातरीनं त्याचा हात चालत नाही. साहेब म्हणतात, येत्या आठवड्यात मशीन लावून सगळं सपाट करू.

"आय, अप्पा लई रडायलाय. ती कातर तेवडी पाठीव म्हनायलाय."

"तिला गंज चढलाय," नागूबाई म्हणाली, "काई कामाची न्हाई," आणि फोन ठेवला.

त्याच सकाळी तिनं मला करडीचं तेल लावलं होतं. रोज लावते. माझ्या पात्यात तुम्हाला तोंड दिसेल.

तुमच्यापैकी कुणी बेंगळूरला जाणार असाल आणि एखाद्या सपाट कुंपणाशी पिराजी बसलेला दिसला, तर एवढं करा. तेलाचं त्याला सांगू नका. गंजच चढलाय म्हणा.