शेऱ्याच्या रकान्यातली बायनाबाई

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेचा डावा कोपरा तडकलेला आहे, चार्जिंगची पिन ढिली झाली आहे आणि ती निसटू नये म्हणून माझ्या पोटावरून रबर बँड बांधला आहे. माझ्याकडे पाहून कोणी मला कामाचा समजत नाही. त्यात तुमचाही दोष नाही. पण मी चंद्रपूरच्या एका श्रवणयंत्र केंद्रात सात वर्षे नोकरी केली आहे, आणि एकही रजा घेतलेली नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते माझ्या खोक्यावर लिहिले होते. ते खोके उंदरांनी खाल्ले, त्यामुळे आता विचारू नका. नागसेनभाऊंनी मला जटपुरा गेटाजवळच्या एका दुकानातून आणले. ते या केंद्राचे मालक. ज्यांना कमी ऐकू येते त्यांचे कान तपासायचे आणि कानात घालायचे छोटे यंत्र द्यायचे, हे त्यांचे काम. त्या यंत्राला आमच्याकडे सगळे मशीनच म्हणतात. तुम्हाला वाटेल, मशीन दिले की काम संपले. छे! खरे काम तिथून पुढे असते. आठव्या दिवशी फोन करून विचारायचे, टोचते का? महिन्याने बोलावून आवाज कमी-जास्त करून द्यायचा. बिघडलेले मशीन दुरुस्त होऊन आले की कळवायचे. माझ्याआधी नागसेनभाऊ हे सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचे. महिना संपला की पान उलटायचे, आणि पानामागे गेलेल्या माणसांची आठवण कोणालाच राहायची नाही.

मग माझ्यात ग्राहकांच्या पाठपुराव्याचे सॉफ्टवेअर घातले. प्रत्येक ग्राहकाचे एक पान झाले. आज कोणाकोणाला फोन करायचा, ते मी रोज सकाळी दहाला दाखवू लागलो. राहून गेलेले काम लाल व्हायचे, आणि ते होईपर्यंत मी तासातासाला टुंग टुंग वाजायचो. "अरे, चाय तं पिऊ दे ना बाबा!" असे नागसेनभाऊ करवादायचे. मी काही पिऊ देत नसे. नवी नोकरी होती, अंगात रुबाब होता.

मला चालवायची रीना. ती चिमूरची, बोलायला फटकळ आणि मनाने मऊ. माझ्या प्रत्येक पानावर सगळ्यात खाली शेऱ्याचा एक रकाना होता. बनवणाऱ्यांनी तो उगाच ठेवला असावा, पण रीनाचा सगळा जीव त्या रकान्यात. ती त्यात असे काही लिहायची की मला वाचता वाचता हसू यायचे. 'सुकलू. या गावात चार सुकलू आहेत, हा विहिरीजवळचा.' 'फोन सुनेचा आहे, सासऱ्याची तक्रार सुनेला सांगू नये.' 'धान कापणीत फोन केला तर शिव्या पडतात.' ज्या गावात रेंज नाही, तिथल्या माणसाच्या नावासमोर ती आठवडी बाजाराचा वार लिहून ठेवायची. बाजाराच्या दिवशी माणूस मोठ्या गावात येतो आणि त्याचा फोन लागतो. आमच्या भागात ज्याला हे कळले त्याला सगळे कळले.

अशाच एका पानावर बायनाबाई होती. एटापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका लहानशा गावात ती राहते. एका मोठ्या तापानंतर तिला ऐकू येईनासे झाले होते. पहिल्यांदा मशीन लावून ती गावी गेली, आणि आठव्या दिवशी बाजारात आली असताना रीनाने फोन केला तेव्हा म्हणाली, "बाकी सारं बेस आहे वो बाई, पण माह्या कोंबड्या एवढ्या भांडतात हे मले माहीतच नव्हतं!" रीना तो दिवसभर हसत होती.

या माघात बायनाबाईचे मशीन बंद पडले. दिवसभराचा प्रवास करून ती केंद्रात आली. मशीन नागपूरला दुरुस्तीला पाठवावे लागणार होते. रीनाने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिला दाखवले, 'फोन येईल, मगच या. उगाच चक्कर मारू नका.' बायनाबाईने मान डोलावली आणि जाताना एकच गोष्ट तीनतीनदा बजावली. रीनाने ती माझ्या शेऱ्यात लिहिली.

त्यानंतर आठवड्याभरात दोन गोष्टी झाल्या. रीना बाळंतपणासाठी माहेरी गेली, आणि केंद्रात एक चकचकीत लॅपटॉप आला. त्याच्यात नवे सॉफ्टवेअर होते. माझ्यातली नावे, नंबर आणि तारखा त्याच्यात गेल्या. शेऱ्याचा रकाना मात्र त्याच्याकडे नव्हताच, म्हणून शेरे माझ्यातच राहिले. हे कोणाच्या लक्षात आले नाही. मला टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवले, वर जुन्या पावत्या टाकल्या. खरे सांगतो मित्रांनो, मला फार वाईट वाटले. सात वर्षे ज्यांना चहा पिऊ दिला नाही, ते आता निवांत चहा पीत होते.

रीनाच्या जागी दिव्यानी आली. ती मेहनती होती, वेळेवर यायची आणि एकही काम लाल होऊ द्यायची नाही. बायनाबाईचे मशीन दुरुस्त होऊन आले, त्याच दिवशी तिने फोन केला. लागला नाही. दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी केला. नव्या सॉफ्टवेअरचा नियम असा, की तीनदा फोन लागला नाही तर काम आपोआप बंद. त्याने लगेच लिहून टाकले, 'ग्राहकाला रस नाही.' दिव्यानीने मशीनची पुडी खालच्या कप्प्यात सरकवली. ती येऊन माझ्याशेजारीच पडली. पुडीवर बायनाबाईचे नाव होते, आणि तिच्याबद्दलचा शेरा माझ्या पोटात होता. आम्ही दोघे पंधरा दिवस एकमेकांना चिकटून पडलो होतो आणि मला हाक मारता येत नव्हती.

एके दुपारी दिव्यानी जुनी पावती शोधत होती. पुडी तिच्या हाताला लागली. तिने नाव वाचले, लॅपटॉपवर पाहिले आणि तिच्या कपाळावर आठी पडली. एवढ्या लांबून दुरुस्तीला आलेल्या बाईला रस नाही, हे तिला पटेना. तिने रीनाला फोन लावला.

"ताई, त्या एटापल्लीकडच्या बायनाबाई आहेत ना? त्यांची मशीन इथीच पडून आहे. फोनच लागत नाई त्यांचा."

पलीकडून रीना ओरडलीच. "अजून नाई देल्ली? दिव्यानी, जंगलात मोह पडून राह्यला ना! टॅब कुठी आहे? टॅब चालू कर आधी, शेरा वाच!"

मला बाहेर काढले. पावत्यांची धूळ पुसली. पिन लावली, निसटली, पुन्हा लावली, रबर बँड बांधला. पाच मिनिटे झाली तरी माझ्यात धुगधुगी नव्हती. नागसेनभाऊ समोर उभे राहून म्हणत होते, "चाल ना बाबा, चाल." ज्यांना मी एवढे छळले, ते माझी विनवणी करत होते. मी जिवाच्या आकांताने उजळलो.

दिव्यानीने मोठ्याने वाचले, 'बायनाबाई. मोहफुलं पडायच्या आत मशीन पाहिजेच. पहाटे बायका जंगलात मोह वेचायला जातात, झाडे दूर दूर असतात, म्हणून एकमेकींना आवाज देत राहतात. मोह खायला अस्वल येते. आवाज ऐकू आला नाही तर कळणार नाही. फोन पुतण्या लालसूचा. बुधवारी बाजारात येतो, तेव्हाच लागतो.'

तो दिवस गुरुवार होता. बाजार कालच होऊन गेला होता. तिला 'फोन येईल, मगच या' असे आम्हीच लिहून दाखवले होते. ती आमच्या शब्दावर थांबली होती, आणि मोह तर केव्हाचा पडू लागला होता.

"बुधवारची वाट पाहाची नाई," नागसेनभाऊ म्हणाले. "मी उद्या पहिल्या बसनं जातो."

शुक्रवारचा दिवस जाता जाईना. दिव्यानीने डबा उघडलाच नाही. मला तिने टेबलावर, चार्जिंगला लावून, लॅपटॉपच्या शेजारी ठेवले होते. दोन वाजले, तीन वाजले. साडेतीनच्या सुमारास फोन वाजला. रेंज शोधत चढलेल्या गावाजवळच्या टेकडीवरून, लालसूच्या फोनवरून.

नागसेनभाऊंना धाप लागली होती. "भेटली वो! चांगली आहे! मशीन लावली!"

दिव्यानीने घाईघाईने फोन स्पीकरवर टाकला. माझी बॅटरी तेव्हा चौदा टक्के होती, पण मला शंभर टक्के झाल्यासारखे वाटले. मग फोनवर खुद्द बायनाबाई आली.

"अस्वल आलं होतं बाई, मागच्या सोमवारी. साऱ्या वरडल्या आन् पळाल्या. मी आपली खाली मुंडी घालून येचतच राह्यली. माह्यी जाऊ मनकर्णा, ते माघारी पळत आली आन् मले हाताला धरून ओढत नेलं. तवापासून आपल्या पदराले माह्या पदराची गाठ मारूनच नेते मले. दोघी मिळून एकाच झाडाखाली! तिचा मोह अर्धा झाला माह्यापायी."

"चूक झाली बाई आमची," दिव्यानी रडवेली होऊन म्हणाली. "पण मी तीन डाव फोन केला होता जी."

"हाव, भाऊनं सांगतलं." बायनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरेच जाणून घ्यायचे होते. "मंग चौथ्यांदा काऊन नाई केला?"

लॅपटॉपवरची 'ग्राहकाला रस नाही' ही ओळ दिव्यानीने तिथल्या तिथे पुसली.  

दुसऱ्याच दिवशी नागसेनभाऊंनी सॉफ्टवेअरवाल्यांना गाठले आणि तीन फोनांचा तो नियम काढून टाकायला लावला. लॅपटॉपमध्ये शेऱ्याचा रकाना उघडला गेला. दिव्यानी रोज मला मांडीवर घेऊन एकेक शेरा वाचते आणि त्याच्यात लिहिते. मधूनच तिला हसू येते. मी आता थोड्याच दिवसांचा सोबती आहे, पिन कधीही दगा देईल. पण मनावरचे ओझे उतरले आहे. माझ्यातली माणसे आता माझ्याबरोबर पुसली जाणार नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर बदला. आम्हाला त्याचा राग नाही. पण आम्हाला कप्प्यात टाकण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचा. नाव आणि नंबर कोणीही लिहून घेईल, त्याखाली माणसाबद्दल दोन ओळी लिहायला जागा ठेवा. आणि कोणाचा फोन लागला नाही, तर त्याला रस नाही असे लिहून मोकळे होऊ नका. तो तुमच्या शब्दावर थांबलेला असेल.