मावशीचा गुरुवार

परदेशातल्या मिशनच्या त्या घरात दुपारच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेचे वार ठरलेले होते, आणि ती ज्याने त्याने आपल्या मायबोलीत करायची असा नियम होता. घर ज्यांनी उभारलं त्यांनीच तो घालून दिला होता. लहानपणी ज्या भाषेत रडलात त्या भाषेत देवाशी बोला, उगाच त्याच्यापुढे परक्या बोलीत अडखळू नका, असं त्यांचं म्हणणं. टेबलाला कामाची माणसं सात आणि भाषा सहा. सोमवार ड्रायव्हरचा, मंगळवार आचाऱ्याचा, असं करत करत गुरुवार मावशीचा.

मावशी हे काही तिचं नाव नव्हे. आल्या दिवशी तिचं कागदावरचं नाव कोणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडे मला सगळे मावशी म्हणतात. झालं. घर चालवणाऱ्या मेट्रनबाई तिच्याहून सहा वर्षांनी मोठ्या, पण त्याही मावशीच म्हणायला लागल्या. सुरुवातीला तिला हसू यायचं, मग सवय झाली.

इस्पितळातून सुटलेली, पण अजून पायांत बळ नसलेली आणि जायला ठिकाण नसलेली माणसं त्या घरात येऊन राहायची. खाटा वीस. त्या वीस खाटांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, अंगावरचे कपडे, सगळं धुणं मावशीकडे. धुण्याचं मशीन तळघरात आणि वाळत घालायच्या दोऱ्या गच्चीवर, कारण मागच्या अंगणात ऊन फिरकायचं नाही. मध्ये पाच जिने. ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन मावशी रोज चार फेऱ्या करायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने गावाकडच्या चर्चच्या मंडळीत उठून सांगितलं होतं की मला सेवेला पाठवा, मला धुणं येतं. लोक हसले होते. पण मिशनच्या मंडळाला नेमकं तेच येणारं माणूस हवं होतं.

आता तिच्या प्रार्थनेचं. एरवी सगळे तिथल्या भाषेत बोलायचे, पण टेबलावर मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे गुरुवारी मावशी देवाशी मोकळेपणाने बोलायची. म्हणजे अगदी मोकळेपणाने. "देवबापा, आज परत तळाला लागलंय, वास येतोय, पण मेहनतीने केलंय, गोड मानून घेऊ. मेट्रनबाईंचं मन सोन्यासारखं आहे, पण सकाळच्या उपासनेला त्या पेटी वाजवतात तेव्हा तूच कानावर हात ठेवत असशील. ड्रायव्हरला सांग, चिखलाचे बूट घालून जिन्यावर येत जाऊ नको." असं सगळ्यांचं करून झालं की शेवटी स्वतःचं. गेल्या वर्षापासून स्वतःचं म्हणजे एकच होतं, डावा गुडघा. तो सुजायचा, कुरकुरायचा, आणि तिसऱ्या जिन्यावर पार हात टेकायचा. "हे तुझ्यामाझ्यात राहू दे," असं ती देवाला बजावायची. सगळे मान खाली घालून भक्तिभावाने आमेन म्हणायचे.

अशी तीन वर्षं झाली. मग एका सोमवारी मेट्रनबाईंनी सांगितलं, "मावशी, तुमच्या देशातून चर्चचे पाळकसाहेब येताहेत. तुमची मुदत वाढवायची की तुम्हाला परत बोलवायचं, ते बघून मंडळाला अहवाल देतील. तुमच्याच भाषेचे आहेत. आनंद झाला ना?"

"झाला की," मावशी म्हणाली, आणि नकळत डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

पाळकसाहेब बुधवारी आले. चाळिशीचे, सडपातळ, चष्मा पुसत बोलणारे. तीन वर्षांनी समोरासमोर मराठी कानावर पडली तेव्हा मावशीचे डोळे भरून आले. गावाकडच्या गप्पा झाल्या, कोण गेलं, कोणाचं लग्न झालं. मग त्यांनी विचारलं, "तब्येत कशी आहे, मावशी?"

"ठणठणीत," मावशी म्हणाली आणि त्यांच्यादेखत टोपली उचलून चालायला लागली. पहिला जिना ती ताठ चढली. दुसऱ्याच्या वळणावर, ते दिसेनासे झाल्यावर, भिंत धरून उभी राहिली.

दुसरा दिवस गुरुवार.

त्या दिवशी मावशीने जी प्रार्थना केली ती एखाद्या सभेत शोभली असती. "हे सर्वसमर्थ, कृपाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या अपार दयेबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. या अन्नाला आशीर्वाद दे. आमेन." संपलं. आमेन कोणीच म्हटलं नाही. सगळे माना खाली घालून पुढच्याची वाट बघत बसले. थोड्या वेळाने आचाऱ्याने एक डोळा उघडला.

"संपली?"

"संपली."

"आज काय गाडी पकडायची आहे का तुला?"

पाळकसाहेब तेवढे मराठीत म्हणाले, "सुंदर प्रार्थना केलीत, मावशी."

दुपारी ती तळघरात अभ्रे उलटे करत होती तेव्हा मेट्रनबाई खाली आल्या. त्या तळघरात कधी यायच्या नाहीत. मशीनच्या कडेला टेकून उभ्या राहिल्या.

"बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे."

"मग आज अशी का केली?"

"अशी म्हणजे?"

"मला तुमचा एक शब्द कळत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या, "पण आज तुम्ही पाठ म्हणून दाखवलंत, एवढं कळलं. आणि माझं नुकसान झालं." त्या जरा थांबल्या. "कोणाला सांगू नका. बाकीच्यांच्या भाषा मला थोड्याफार कळतात, म्हणून ते प्रार्थना करतात तेव्हा मी मेट्रन असते. नीट करताहेत ना, लांबवत नाहीत ना, हेच बघत बसते. माझी भाषा इथे सगळ्यांना कळते, माझ्या वारी सगळे माझं ऐकत असतात, म्हणून मी जपून बोलते. गुरुवारी तुम्ही बोलत असता, मला काही कळत नसतं, आणि माझं कोणी ऐकत नसतं. आठवड्याचं सगळं मी त्या वेळात देवाला सांगून टाकते. आचारीही तेच करतो. त्याची आई आजारी आहे तिकडे. तुमची प्रार्थना लांब असते म्हणून त्याचं पूर्ण होतं. आज आम्ही दोघं अर्ध्यात राहिलो."

आपण ज्यांच्या कागाळ्या करत होतो ती माणसं आपल्या आवाजाच्या आडोशाला बसून आपापलं रडून घेत होती, हे मावशीला कधी सुचलं नव्हतं.

"शनिवार माझा आहे," जाताना मेट्रनबाई म्हणाल्या. "तो तुम्ही घ्या. तुमचं आज राहिलंय."

शुक्रवार कसा गेला ते मावशीलाच ठाऊक. खरं बोलावं तर पाळकसाहेब ऐकणार, अहवालात लिहिणार आणि आपली रवानगी होणार. पुन्हा तसलंच काही म्हणावं तर देवापुढे उभं राहून माणसाची खुशामत केल्यासारखं. परत जायचं म्हणजे पुतण्याकडे. पुतण्या चांगला होता, त्याची बायकोही चांगली होती. पण तिथे ती जन्मभराची पाहुणी होणार होती.

शनिवारी सगळे बसले. मावशी उठली, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले.

"देवबापा, मी आहे. परवा बोलले ते तुझ्यासाठी नव्हतं, पाळकसाहेबांसाठी होतं. माफ कर. ते आताही समोर आहेत, तर त्यांनाही ऐकू दे. माझा डावा गुडघा गेलाय. रोज चौथ्या फेरीला मी भिंत धरते. मंगळवारी जिन्यात बसले आणि ओल्या चादरी मांडीवर घेऊन रडले. दुखतं म्हणून नाही रडले. परत पाठवतील म्हणून रडले. तिकडे मला चांगलं ठेवतील, देवा, वाईट नाही ठेवणार. पण तिकडे माझी कोणाला गरज नाही. इथे नऊ नंबरच्या खाटेवरचे आजोबा कोरडी चादर मिळाली की गालाला लावून बघतात, मग पांघरतात. ते बघायला मिळतं तेवढ्यावर माझा दिवस निघतो. तरी तुला वाटत असेल की आता पुरे, तर पुरे. खोटं बोलून मात्र मला इथे राहायचं नाही." मग तिला आठवलं की मेट्रनबाईंना आणि आचाऱ्याला वेळ हवाय. म्हणून तिने वीसही खाटांवरच्या माणसांसाठी एकेक करून मागितलं, आचाऱ्याच्या आईसाठी मागितलं, ड्रायव्हरच्या बुटांचंही काढलं. "आणि आज मीठ बरोबर पडलंय, देवा, मघाशी चमचाभर चाखलं. त्याला सांगत नाही, चढेल. आमेन."

पाळकसाहेबांना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं, पण चष्मा काढून डोळे पुसले ते लपलं नाही.

"काय म्हणाली?" आचाऱ्याने लगेच विचारलं. "माझ्याकडे तोंड करून काहीतरी म्हणाली."

"मीठ बरोबर पडलंय म्हणाल्या."

"इतका वेळ मीठच?"

"बाकीचं त्यांचं त्या सांगतील," पाळकसाहेब म्हणाले आणि जेवायला लागले.

जेवणानंतर मावशी तळघरात गेली तर पाळकसाहेब मागोमाग. भरलेली टोपली त्यांनी काही न बोलता उचलली आणि वर गेले. बऱ्याच वेळाने खाली आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"मावशी, हे जिने माणसांसाठी बांधलेत की शेळ्यांसाठी?"

"सवय होते हो."

"दिसतंय ना काय होतं ते." ते पायरीवर बसले. "अहवालात तब्येतीचा रकाना आहे. त्यात मी परवाच 'उत्तम' लिहून ठेवलंय. ते खोडावं लागेल."

"खोडा."

"आणि मेट्रनबाईंना कोण सांगणार?"

"मीच सांगते," मावशी म्हणाली. एकदा देवापुढे बोलून झाल्यावर मेट्रनबाईंचं तिला तेवढं भय राहिलं नव्हतं.

मेट्रनबाईंनी ऐकून घेतलं, तिला औषधांच्या खोलीत बसवलं आणि गुडघा बघितला. बोटाने दाबला तसा खड्डा पडला. त्यांचा चेहरा लाल झाला.

"आजाऱ्यांच्या घरात राहून आजार लपवलात? मी आमेन म्हणत होते त्यात हे होतं?"

"हे गेल्या वर्षापासून. त्याआधी तुमची पेटी होती."

"पेटीचं काय?"

"ते राहू द्या."

मेट्रनबाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. मग पट्टी गुंडाळताना त्यांचे खांदे हलायला लागले. पाळकसाहेब दारात उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं.

रविवारी निघण्याआधी त्यांनी अहवालातलं तेवढं तिला वाचून दाखवलं. डावा गुडघा अधू. जिने चढू नयेत. परत बोलावू नये. धुण्याचं काम यांच्या देखरेखीखाली ठेवावं, वर न्यायला दुसरं माणूस द्यावं. "मंडळ काय ठरवेल ते माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "पण मी बघितलं ते लिहिलंय."

"तेवढं पुष्कळ आहे," मावशी म्हणाली.

उत्तराला महिना लागला. तो महिना मावशीने तळघरात काढला, पाय स्टुलावर ठेवून, घड्या घालत, फाटलेलं शिवत. सकाळच्या फेऱ्या आचारी आणि ड्रायव्हरने वाटून घेतल्या. दुसऱ्याला सांगून काम करून घेणं तिला पाच जिन्यांपेक्षा जड गेलं, पण जमायला लागलं. मग मंडळाचं पत्र आलं. एक वर्ष वाढवलंय, गुडघ्यावर इलाज करून घ्यावा, पुढचं पुढे बघू.

पत्र आलं त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. आचारी टोपली घेऊन वर गेला आणि मावशी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"अभ्रे तोंड खाली करून टांग," ती वर बघून ओरडली.

"टांगले."

"आणि चादरी ताणून. काल सगळ्यांना घड्या पडल्या होत्या."

"मावशी, तू वर ये आणि तूच टांग."

"चढायची परवानगी असती तर आले नसते का?" ती म्हणाली. सवयीने दोन पायऱ्या चढली, मग तिथेच थांबून कठड्याला टेकली. "ऊन आलं का रे?"

वर त्याची पावलं गच्चीच्या कडेपर्यंत जाऊन आली.

"येतंय," आचारी म्हणाला. "पलीकडच्या छपरापर्यंत आलंय. इकडेच सरकतंय."