हलकी गाडी

बर्फवाल्याला आता एकच गिऱ्हाईक उरलं होतं: बंदरावरची मासळीवाली मावशी. ती सुटली की पिकअप विकायची, हे नवराबायकोने न बोलताच ठरवलं होतं. पण बंदर लांब, आणि गाडी पाण्यासारखं डिझेल पिणारी. कमाई बर्फाआधी विरघळायची.

पंपावर कुणीतरी त्याला सांगितलं, "वजन कमी करा, हळू चालवा." झालं! वेदवाक्यच ते. आधी स्टेपनी निघाली, मग जॅक, मग टपावरचा कॅरिअर. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचा, जणू खाली मांजराचं पिल्लू झोपलंय.

"अहो, आता माझी कवळी काढा," बायको म्हणाली.

तो हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "कवळी राहू दे. तूच घरी थांबशील का?"

लग्नापासून ती त्याच्या शेजारी बसत आली होती. बर्फाच्या लाद्या चढवल्या की ती त्यांवर भुसा पसरायची, वर ओली गोणपाटं घालून, लेकरांना पांघरूण घालावं तशी कडेने खोचायची. ती गाडीतून उतरली. "बघा हं, गाडी उडून जायची!"

संध्याकाळी त्याचा चेहरा फुललेला. "अगं, मायलेज वाढलं! बंदर येईपर्यंत तर गाडी फुलासारखी!"

ती पाणी द्यायला उठली आणि तिला भिंतीशी गोणपाटं दिसली. कोरडी, घडी घातलेली.

"ही नेली नाहीत?"

"ओली झाली की केवढी जड होतात! भुसाही निम्माच टाकला."

हळू चालणारी गाडी, वर ऊन, लाद्या उघड्या. रस्ताभर पाणी गळत गेलं असणार, तसतशी गाडी हलकी होत गेली असणार. तिच्या ओठांवर आलं होतं. पण किती दिवसांनी हा माणूस असा हसत होता! तिने शब्द गिळले.

दुसऱ्या दिवशी दुपारीच गाडी दारात आली. तो उतरेना. ती खिडकीशी गेली.

"मावशी काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा रे, पाणी माझ्या नळालाही येतं." त्याचे हात स्टिअरिंगवरच होते. "तिची मासळी वाया गेली गं. आता बर्फाचं यंत्रच बसवणार ती."

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "काल. गोणपाटं पाहिली तेव्हाच."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"आज कालच्याहूनही कमी डिझेल लागलं," तो एवढंच म्हणाला.

वळसा घालून ती आपल्या जागेवर चढून बसली. गाडी तिच्या बाजूला जराशी कलली. आता कुठे जायचंच नव्हतं.