पाठमोरा

माझी मैत्रीण, तिचा मोठा भाऊ आणि त्यांचे वडील, तिघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. वडिलांचं शिंप्याचं दुकान आहे आणि शाळा सुटली की मी तिथेच पडीक असते. आई म्हणते, "अंथरूणही तिकडेच घेऊन जा."

त्या घरात माझं नाव म्हणजे बोटांची चोच करून ती सारखी उघडायची-मिटायची. वटवटीला याहून चपखल नाव नाही. ठेवलं भावाने. मी त्याच्यावर भरपूर चिडले आणि पुढे, काय सांगू, चिडणं राहिलं बाजूला आणि भलतंच होऊन बसलं.

हातांनी बोलायला मैत्रिणीने शिकवलं. माझे हात अजून अडखळतात, पण गप्प बसत नाहीत.

त्या दिवशी भाऊ मशीनवर पाठमोरा बसून शर्टाला खिसा लावत होता. काका, म्हणजे त्यांचे वडील, शेजारच्या मशीनवर. आम्ही दोघी मागे बटणं लावत होतो. मैत्रिणीने सुई खाली ठेवून सरळ विचारलं, "हल्ली तू माझ्याकडे येतेस की त्याच्याकडे?"

माझे कान तापले. आधी खात्री केली: त्याची पाठ आमच्याकडे, काकांचीही. पाठीला काही डोळे नसतात. मग माझे हात सुटलेच. तो आवडतो. हसताना त्याचा एकच गाल हसतो, तो फार आवडतो. पण सांगू नकोस हं. तो मला हसला तर मी इथे पाय ठेवू शकणार नाही, आणि मग तुलाही मुकेन. मैत्रीण मला थांबवायला बघत होती, पण मी थांबते कसली.

तेवढ्यात जे ऐकू आलं ते फक्त मलाच. भावाचं मशीन थांबलं. मग काकांचंही.

दोन्ही मशीनसमोर भिंतीला आरसे आहेत. मी त्यांत रोज केस नीट करते. मला वाटायचं, ते गिऱ्हाइकांसाठी आहेत. आहेतच, पण गिऱ्हाईक दारात आलं की मागे न वळता दिसावं म्हणून. दार दिसतं, तशी मीही दिसते.

तो वळला. हातातल्या शर्टाचा खिसा चारही बाजूंनी शिवला गेला होता. तो मला दाखवून त्याने बोटांची चोच केली. "मागून काय सांगतेस? समोर येऊन सांग."

काकांचे हात आरशातूनच हलले, "लवकर सांग गं बाई. खिसा उसवायचाय."

मी समोर गेले आणि जन्मात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचेना. शेवटी त्याच्याकडे बोट दाखवून एवढंच म्हटलं, "तू."

त्याचा एक गाल हसला. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "तू."

मैत्रिणीने कात्री आणून माझ्या हातात ठेवली. "खिसा तूच उसव. आणि उद्या मात्र माझ्याकडे ये."