मांड्यांच्या पानावरची सनई

साधं काम सांगितलं की श्रीकांतमामांना राग यायचा. बुऱ्हाणपुरात त्यांचं पत्रिकांचं दुकान, आणि त्या दुकानातून वेलबुट्टीशिवाय, कलशाशिवाय लग्नपत्रिका बाहेर पडली असं कधी झालंच नाही. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी मामा घालायचेच. लग्न तुमचं असलं तरी पत्रिका माझी आहे, असं तोंडावर सुनवायचे, आणि लोक ऐकूनही घ्यायचे, कारण पत्रिका खरंच देखणी व्हायची.

पण स्वस्तातलं इंटरनेट घरोघरी आलं आणि लोक मोबाईलवरच आमंत्रणं धाडायला लागले. मामांवर दुकानात माश्या मारायची वेळ आली. शेजारचा कूलरवाला गाळा मागत होता. 'अखाजीनंतर सांगतो' म्हणून मामांनी त्याला अक्षय तृतीयेपर्यंत थोपवून धरलं होतं. आपल्या हाताला आता काम उरलेलं नाही, एवढं एकदा कळलं की शटर ओढायला मोकळे, असं त्यांनी ठरवलं होतं.

अशात त्यांची भाची मालती आली. शाळेतली नोकरी सुटल्यावर तिनं सासूच्या हातच्या मांड्यांवर ब्लॉग सुरू केला होता. सासू रंभाबाई मूळच्या बहादरपूरच्या. पुरण भरलेली पोळी हातावर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत पसरवायच्या आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडायच्या. मालती त्यावर मन लावून लिहायची, पण वाचायला कोणी फिरकेना. अखाजीला माहेरवाशिणी येतात, आमरसासोबत मांडे लागतात, तेव्हा चार घरांच्या ऑर्डरी मिळाव्यात एवढीच तिची आस होती.

"मामा, जरा दिसायला बरं करून द्या ना," ती म्हणाली.

'जरा' हा शब्द मामांच्या कानात शिरलाच नाही. ते बाह्या सरसावून कॉम्प्युटरवर बसले. पानाचा रंग लालभडक, त्यावर सोनेरी अक्षरं, तीही वळणावळणाची. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. रंभाबाईंचा फोटो कापून मागे देवासारखी प्रभावळ लावली. पान उघडलं की सनई वाजायची. आणि मग नावं. पत्रिकेत एका काकाचं नाव राहिलं तर तो काका मांडवात येत नाही, आलाच तर जेवत नाही, हे मामांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून सगळ्यात वर मालतीचे जेठ, म्हणजे थोरले दीर नंदकुमार, मग धाकटे दीर, मग चुलतसासरे, खाली 'आमच्या काकूच्या मांड्यांना यायचं हं' म्हणणारी पोरंटोरं, आणि शेवटी लुकलुकणारं 'सजावट : श्रीकांत आर्ट्स'.

घरात सगळे खूश. नंदकुमार तर भेटेल त्याला आपलं नाव दाखवत हिंडले. मालती तेवढी "छान झालं, मामा," एवढंच म्हणाली आणि मोबाईलकडे बघत राहिली.

अखाजी तोंडावर आली. फोन काही वाजेना.

एका सकाळी मामा उखर्डूच्या सलूनमध्ये दाढीला बसले होते. बाकावर इच्छापूरचा एक केळीवाला नंबर लावून बसला होता. यंदा बहिणी येणार आणि घरात मांडे करणारं कोणी उरलं नाही, अशी त्याची कुरकुर चालली होती. मामांना आयतंच गिऱ्हाईक सापडलं. साबण लावलेल्या तोंडानंच त्यांनी त्याला ब्लॉग उघडायला लावला.

पान उघडता उघडेना. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. उखर्डूनं मामांच्या एका गालाची दाढी पुरी केली तेव्हा कुठे उघडलं, ते एकदम सनईसकट. सगळं सलून वळून पाहायला लागलं. केळीवाला गडबडला, आवाज बंद करायला धडपडला, मग डोळे बारीक करून बोटानं नावं वर सारत बसला. नंदकुमार गेले, दीर गेले, चुलतसासरे गेले.

"भाऊ," तो शेवटी म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण लग्न कुणाचं आहे?"

उखर्डूचा वस्तरा थांबला. केळीवाला थट्टा करत असता तर मामांनी त्याला तिथंच झाडलं असतं. पण बिचारा खरंच विचारून राहिला होता, आणि तेच मामांना झोंबलं. मांडे पार खाली होते. फोन नंबर त्याच्याही खाली, पाकळ्यांच्या आड. माणूस तिथवर पोचलाच नव्हता. त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि पेपर उचलला.

उखर्डू हाका मारत राहिला, पण मामा अर्ध्या दाढीनिशी उठले आणि तडक मालतीच्या घरी गेले.

"पान कोणी बघत नाही, हे तुला माहीत होतं?"

मालतीनं मान खाली घातली. "माहीत होतं, मामा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती दिवसांनी खूश दिसून राहिले होते. मला बोलवेना."

मामांना भडभडून आलं. पोरीचं सगळं अखाजीवर अवलंबून, आणि ती मामाचं मन सांभाळत बसली होती. स्वतःचा असा संताप त्यांना कधी आला नव्हता.

"पत्रिका हातात आली की माणूस काय बघतो?" ते कॉम्प्युटरसमोर बसत म्हणाले. "कुणाचं, कधी, कुठं. म्हणून मुहूर्त मी नेहमी मधोमध टाकायचो, चारी बाजूंनी कोरी जागा सोडून. जन्मभर हेच केलं आणि तुझ्या पानावर मुहूर्तच विसरलो. काढ ते सगळं."

आधी सनई गेली. मग पाकळ्या, मग प्रभावळ, मग तो लाल रंग. पान पांढरं झालं, अक्षरं काळी, सरळ, मोबाईलवर मामांना चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी. पुरणाच्या पिवळ्या रंगाची एकच रेघ ठेवली. फोटो नवा काढला, अंगणातल्या उन्हात खापरावर मांडा सोडणाऱ्या रंभाबाईंच्या हातांचा, आणि तोही हलका करून टाकला, पान पटकन उघडावं म्हणून. फोटोखाली एकच ओळ, 'अखाजीसाठी ताजे मांडे, आदल्या दिवशी सांगा', आणि बोट लावलं की फोन लागेल असा नंबर. मालतीनं लिहिलेलं सगळं त्याच्याखाली निवांत.

नावांपाशी आल्यावर मालती घाबरली. "जेठजी रुसतील, मामा."

"मांडा खाताना कोनी नावं वाचते का?" चुलीपाशी बसलेल्या रंभाबाई म्हणाल्या. "नंद्याले मी सांगते. एक मांडा जास्त वाढते, बसीन तो गप."

तरी मालतीचा हात होईना. मग मामांनीच सुरुवात केली. पहिलं नाव पुसलं ते श्रीकांत आर्ट्स. बोट जरा अडलं, नाही असं नाही.

दुपारी मामा तिथंच जेवून उठत होते, तेवढ्यात मालतीचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"ताई, मांडे पाहिजे होते अखाजीले. इच्छापूरहून बोलू राहिलो. सकाळी सलूनमध्ये तुमचं पान उघडलं तर सनई वाजली. बायकोले गंमत दाखवायला पुन्हा उघडलं, तर आता सरळ मांडेच दिसले. तिनं लगेच फोन करायला लावला."

मालतीनं ऑर्डर लिहून घेतली.

"आणखी एक," केळीवाला म्हणाला. "हे पान कोणी केलं? आमच्या केळीचंही असंच एक करायचं आहे."

मामांनी मान हलवून खूण केली, नको, सांगू नको. मालतीनं त्यांच्याकडे बघितलं आणि बघत बघतच बोलली. "माझ्या मामांनी. श्रीकांत आर्ट्स. बुऱ्हाणपुरातच दुकान आहे, या तुम्ही."

फोन ठेवल्यावर बराच वेळ मामा गालावरून हात फिरवत राहिले, आधी दाढी केलेल्या, मग न केलेल्या. मग चपला शोधायला लागले.

"आता कुठे निघाले, मामा?"

"कूलरवाल्याकडे," मामा म्हणाले. "गाळा मिळणार नाही म्हणून सांगून येतो. आणि मग उखर्डूकडे."