मुलाच्या पेशी

बाळांनो, एक डोळा हाताने झाका आणि पेल्यात पाणी ओतून बघा. धार बाहेर गेली ना? आता समजा, हात काढला तरी त्या डोळ्याला काही दिसत नाही. चिमीच्या बाबांचं तसंच झालं होतं. ते गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे. चार महिन्यांपूर्वी ॲसिड उडालं आणि डाव्या डोळ्यावर सायीसारखा पांढरा पडदा आला.

आज ते डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते. संमतीचा कागद पुढ्यात होता. बाबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"काय ठरलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गेला तो गेला. चांगल्या डोळ्याला मी हात लावू देणार नाही."

"आठ दिवस हेच चाललंय," आई म्हणाली. "काल यांनी सगळा चहा कपाऐवजी बशीलाच पाजला. पण ऐकतील तर शपथ."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "बुबुळाच्या कडेला मूलपेशी असतात. डोळ्याची पुढची काच स्वच्छ राहते ती त्यांच्यामुळे. या डोळ्यातल्या जळून गेल्यात. म्हणून चांगल्या डोळ्यातून तिळाएवढा तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत वाढवायचा आणि इथे बसवायचा. थेंब टाकून डोळा बधिर करतो. जखमही भरून येते."

"आणि नाही भरली तर?"

"तसं क्वचित होतं. होणारच नाही, असं मी म्हणणार नाही."

बाबांनी कागद बोटाने हळूच पलीकडे सरकवला. उजवा डोळा होता म्हणून दुकान उघडत होतं. तोच पणाला लावायचा होता.

आठ वर्षांची चिमी भिंतीजवळच्या बाकावरून उठली, वेणी मागे टाकून टेबलापाशी आली.

"बाबा, लावू दे ना त्यांना हात. मला चालेल."

"तुला?"

"मूलपेशी म्हणजे मुलाच्या पेशी ना? घरात मूल मी एकटीच आहे."

आई हसायला लागली आणि मध्येच थांबली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला.

"इथे मूल म्हणजे मूळ, बाळ. मुळातल्या पेशी, ज्यांच्यापासून बाकीच्या तयार होतात. त्या बाबांच्याच उजव्या डोळ्यातून घ्यायच्यात. तुझ्या नाही."

चिमीने बाबांकडे पाहिलं.

"म्हणजे तू माझा डोळा वाचवायला नाही म्हणत नव्हतास?"

बाबांनी कागद परत ओढून घेतला, टोपण काढलं आणि सही केली. सही रेघ सोडून बरीच खाली गेली.

"चालेल का?" त्यांनी विचारलं.

"चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चिमीने एक खुर्ची ओढली आणि बाबांच्या अगदी समोर बसली.

"पापणी मिटायची नाही. एका ठिपक्याकडे बघायचं नि मनात आकडे म्हणायचे. आधी आधी पाणी येतं, पण सवय होते. मी आठ दिवस रोज आरशासमोर करतेय. आता चाळीसपर्यंत जाते."

तिने बाबांच्या हातातलं पेन घेतलं, आपल्या अंगठ्याच्या नखावर एक ठिपका काढला, तो त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरला आणि मोजायला सुरुवात केली.