देवमण आणि माझा वाकडा दात

मी एक जुना खरारा आहे. घोड्याचे अंग घासायला लोखंडी दात्यांचे जे अवजार असते, तेच मी. मित्रांनो, म्हातारपणी आपली कहाणी सांगताना वस्तू सहसा सगळ्यांना क्षमा करून टाकतात. मी केलेली नाही, आणि तसा विचारही नाही.

पेशवाईत पुण्यातल्या एका लोहाराने मला घडवले. शनिवार पेठेतल्या एका पागेत भैरू नावाचा मोतद्दार होता. घोड्यांची सारी देखभाल त्याच्याकडे. त्याच्या हातून मी अंगावर फिरू लागलो की द्वाड घोडेसुद्धा डोळे मिटून उभे राहत. कुठला पाय दुखतो, कुठे गाठ आली आहे, हे आम्हा दोघांना घासता घासताच कळे. भैरूपुढे वैद्य पाणी भरतील, असे लोक म्हणत. त्या स्तुतीतला निम्मा वाटा मी माझा समजत असे.

एके वर्षी पागेचे कारभारी आप्पासाहेब अरबी घोडे घ्यायला मस्कतला निघाले. भैरू बरोबर होता आणि त्याच्या कमरेला मी. घाट उतरून आम्ही गलबतात बसलो. खाऱ्या वाऱ्याने मला गंज चढला, पण मस्कतचा बाजार पाहून मी तो विसरलो. वर खजुराच्या झावळ्यांचे छप्पर, खाली दोन माणसे जेमतेम जातील एवढी गल्ली. लोबानाचा धूर, कहव्याच्या बिया कुटण्याचे ठोके, सुक्या माशांच्या राशी, वाकड्या खंजिरांची दुकाने. गल्ली संपली तिथे घोडे बांधलेले होते.

तिथे आपल्याच मुलखातून जाऊन राहिलेला एक दलाल भेटला. पुणेकरांची खोड त्याला पक्की ठाऊक होती. आमची माणसे घोड्याचे पाय मागाहून बघतात, आधी भोवरे बघतात. गळ्याखाली केसांचा भोवरा असला की तो देवमण, आणि असा घोडा फार शुभ. दलालाने एका तांबड्या घोड्याची मान वर केली. गळ्याखाली रेखीव देवमण होता. शेजारचा एक म्हातारा अरब, आधी पाय बघा, अशा खुणेने घोड्याच्या पायांकडे बोट दाखवत राहिला, पण आप्पासाहेबांनी देवमणाला केव्हाच हात जोडले होते.

भैरू म्हणाला, "सरकार, एकडाव खरारा करून बघतो. हात फिरल्याबिगर घोडं कळत न्हाई."

"घोडं शास्त्रानं कळतं, भैरू. खराऱ्यानं कळलं असतं, तर कारभार तुझ्याकडे असता."

एवढे बोलून त्यांनी मला भैरूच्या हातातून हिसकावले आणि भर बाजारात दगडावर भिरकावले. माझा एक दात वाकला. आजूबाजूचे लोक हसले. भैरूने मला उचलले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि मान खाली घातली. त्याची ती खाली गेलेली मान पाहिली आणि मी सूड घ्यायचे ठरवले.

पुण्यात तांबड्याचे मोठे कौतुक झाले. देवमणाला रोज हळदकुंकू लागे, गुळाचा नैवेद्य दाखवला जाई. त्याला लोखंड लावायची सक्त मनाई होती. मी सर्वांगावर फिरे आणि गळ्यापाशी थांबे.

एके दिवशी भैरू म्हणाला, "सरकार, देवमणाला मुंग्या लागल्यात. मला तर तिथं डिंक लागतोय हाताला."

"मुंग्यांनासुद्धा भक्ती असते. तुला नाही. उद्यापासून पागेत येऊ नकोस."

वीस वर्षांची चाकरी अशी संपली. भैरूने एकेका घोड्याची मान थोपटली, मला खुंटीला अडकवले आणि तो गेला. पुढे तो लाकडाच्या मोळ्या वाहतो, असे कानावर आले. मी खुंटीवर गंजत राहिलो. गंजाबरोबर रागही वाढत होता.

दसऱ्याला घोड्यांची पूजा असते. त्या दिवशी पागेचे सरदार जयसिंगराव देवमण पाहायला आले. "एवढ्या कुंकवाखाली काही दिसत नाही. जरा साफ करा," ते म्हणाले. नवा मोतद्दार हात लावीना. "सरकार, आपणच मनाई केली आहे," असे तो आप्पासाहेबांना म्हणाला. तेव्हा आप्पासाहेबांनी स्वतः ओल्या फडक्याने कुंकू पुसले. केस चिकटून बसले होते, म्हणून त्यांनी मला खुंटीवरून काढून हाती घेतले.

मित्रांनो, सरळ दात असता तर तो केसांवरून निसटला असता. माझा वाकडा दात मात्र आकड्यासारखा अडकला. आप्पासाहेबांनी ओढले आणि दलालाने डिंकाने चिकटवलेला अख्खा देवमण माझ्या दातांत आला. खाली साधे, सरळ केस होते.

जयसिंगराव शांतपणे म्हणाले, "आप्पासाहेब, हा देवमण आता आपण कुणाच्या गळ्याला लावणार? भैरूला परत बोलवा. आणि घोडं ओळखायला येईपर्यंत रोज सकाळी त्याच्या हाताखाली खरारा करा."

भैरू परत आला. घोडे खिंकाळले. तांबड्याचा काही दोष नव्हता, म्हणून भैरूने त्यालाही माया लावली. आप्पासाहेबांच्या मऊ तळव्याला मात्र पहिल्याच दिवशी फोड आले. मी माझी मूठ जरा जास्तच खुपवली, हे कबूल करतो. चार दिवसांनी भैरू म्हणाला, "सरकार, ह्याचा दात सरळ करून आणू का लोहाराकडनं?"

आप्पासाहेबांनी माझ्या वाकड्या दातावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "नको. राहू दे. मला दिसू दे रोज."

तेव्हा मित्रांनो, अवजारे पुसून जागेवर ठेवत जा, रागाच्या भरात भिरकावू नका. ज्याच्या हातात ती असतात, त्याचेही ऐकत जा. आप्पासाहेब सुधारले, असे पुढे पागेत सगळे म्हणत. असतील. माझा दात अजून वाकडाच आहे.